लाळ, खूर आणि वारा

मुधोळ म्हटलं की पुष्कळांना शिकारी कुत्री आठवतात. ती बागलकोटच्या मुधोळची. हे मुधोळ वेगळं: भैंसा आणि बासरच्या मधलं, काळ्या जमिनीचं, कापूस-सोयाबीनचं. १९५६ पर्यंत हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. राज्यांची फेररचना झाली आणि तो आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात गेला. २०१४ साली राज्य बदललं, तेलंगण झालं. २०१६ साली आदिलाबादचे तुकडे पडले आणि मुधोळ निर्मल जिल्ह्यात आलं. गाव जागचं हललं नाही, वेशीवरची पाटी तेवढी बदलत राहिली. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात या दोन्हींत मिसळलेली उर्दू, असा इथला व्यवहार. त्यामुळे गुरांच्या एका जुन्या रोगालाही इथे दोन नावं आहेत.

मराठी शेतकरी त्याला लाळ्या-खुरकूत म्हणतो, कोणी तोंडखुरी म्हणतो, कोणी नुसतंच खुरी. तेलुगू शेतकरी म्हणतो गालिकुंटु. गाली म्हणजे वारा आणि कुंटु म्हणजे लंगडणं. मराठी नावात रोग कुठे दिसतो ते आहे, तेलुगू नावात तो कुठून येतो ते. विषाणू हा शब्दही जन्माला आला नव्हता तेव्हा कोणीतरी वाऱ्याकडे बोट दाखवलं, आणि ते बोट बऱ्यापैकी बरोबर दिशेला होतं. फक्त एक गोष्ट दोन्ही नावांतून निसटली. दोन्ही नावं गाई-बैलांकडे पाहून पडली आहेत. मेंढी, शेळी, डुक्कर यांचा त्यांत पत्ताच नाही. आणि हा रोग टिकतो, वाढतो, गावं ओलांडतो तो या सगळ्यांच्या आपसातल्या देवघेवीवर.

आधी बैल पाहू, कारण सगळे तोच पाहतात. लागण झाल्यावर दोन ते चौदा दिवसांत ताप चढतो. बैल वैरण तोंडात घेतो आणि सोडून देतो. मचमच आवाज करत राहतो, आणि तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबू लागतात. जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात फोड येतात. ते फुटले की जिभेचं साल निघतं आणि खाली लालभडक मांस दिसतं. पाय टेकवत नाही. दुभत्या गाईच्या सडांवर फोड आले तर ती वासराला लाथ मारते, धारेला उभी राहत नाही, आणि दूध आटतं ते आटतंच. मोठं जनावर सहसा मरत नाही. मरतं ते पिणारं वासरू, कारण विषाणू त्याच्या हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो. अशा वासराचं हृदय शवविच्छेदनात कापून पाहिलं तर त्यावर फिकट पट्टे दिसतात. पशुवैद्यक त्याला वाघाच्या कातडीची उपमा देतात.

जगलेल्या बैलाचंही काही खरं नसतं. काहींच्या अंगावरचे केस राठ आणि लांब होतात, ऊन सोसत नाही, दोन तास औताला जुंपलं की धापा टाकायला लागतात. बाजारात असा बैल सकाळच्या गारव्यात विकायला आणतात, हे सांगायला पशुवैद्यक लागत नाही.

या रोगाला विज्ञानाच्या इतिहासात एक मान आहे. १८९८ साली जर्मनीत फ्रीडरिश लोफ्लर आणि पाउल फ्रोश यांनी आजारी जनावरांच्या फोडांतलं पाणी घेतलं आणि जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं. गाळून आलेलं स्वच्छ पाणी टोचलं तरी वासरं आजारी पडली. जनावरांना रोग देणारी, जिवाणूहूनही लहान अशी काही वस्तू असते, याचा हा पहिला पुरावा. लोफ्लर पुढे ग्राइफ्सवाल्डला प्रयोग करत राहिले. तिथे व्हायचं तेच झालं: रोग प्रयोगशाळेतून आसपासच्या गोठ्यांत पोचला. प्रयोग बंद करावे लागले. १९१० साली ते काम बाल्टिक समुद्रातल्या रीम्स या छोट्या बेटावर हलवण्यात आलं. ज्याने विषाणू शोधला त्यालाही तो चार भिंतींत कोंडता आला नाही.

विषाणूचे सात प्रकार आहेत: ओ, ए, सी, एशिया-१ आणि आफ्रिकेतले तीन. एका प्रकाराची बाधा होऊन गेली म्हणून दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही. सी प्रकार २००४ नंतर जगात कुठे आढळलेला नाही. भारतात ओ, ए आणि एशिया-१ फिरतात आणि त्यांत ओचं वर्चस्व आहे. २०१३ साली कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र आणि केरळमध्ये जी मोठी साथ आली ती ओ प्रकाराची होती. एकट्या कर्नाटकात हजारो जनावरं दगावली.

आता मुद्द्याची गोष्ट. एकच विषाणू इतक्या वेगवेगळ्या जनावरांत शिरतो कसा? देवी फक्त माणसाला होत. लम्पी चर्मरोग गाईला होतो, म्हशीला त्या मानाने कमी, आणि शेळी त्यातून सुटते. लाळ्या-खुरकुताचा विषाणू मात्र दुभंगलेल्या खुराचं जवळपास कोणतंही जनावर चालवून घेतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, रानातलं हरीण, रानडुक्कर, सगळी त्याला सोयीची. याचं एक कारण त्याच्या अंगावरच्या प्रथिनाच्या एका बारीक वळशात आहे. जनावरांच्या पेशींवर इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांतल्या एका जातीच्या इंटेग्रिनाला हा वळसा जाऊन चिकटतो, आणि पेशी त्याला आत ओढून घेते. हे इंटेग्रिन घशाच्या अस्तरात, जिभेवर आणि खुराच्या बेचक्यातल्या कातडीत भरपूर असतं. रोगाच्या मराठी नावातले दोन्ही अवयव या एका प्रथिनाने ठरवले आहेत.

घोडा आणि गाढव यांचं खूर अखंड. त्यांना हा रोग होत नाही. नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्षात. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा तिथे मोठा बाजार असतो. त्या गर्दीत लाळ गाळणाऱ्या बैलाशेजारी घोडा बांधला तर घोड्याला काही होणार नाही. त्याच्या खुराला लागलेला चिखल मात्र विषाणू घेऊन दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकतो. माणसाचंही तसंच. माणसाला हा रोग जवळपास होतच नाही, पण त्याची चप्पल, धोतराचा सोगा, दुधाची कॅन आणि मोटारसायकलचं चाक यांना तसं प्रमाणपत्र देता येत नाही. आजारी जनावराजवळ काही वेळ थांबलेल्या माणसाच्या नाकातून दुसऱ्या दिवशीही विषाणू मिळाल्याची नोंद आहे.

सगळी जनावरं बाधित होतात याचा अर्थ सगळी सारखी बाधित होतात असा नाही. साथ समजायची तर कोण कोणतं काम करतो ते पाहावं लागतं. पशुवैद्यकांनी फार पूर्वी एक ढोबळ वाटणी केली आहे: मेंढी रोग जपते, डुक्कर तो वाढवतं आणि गाय तो दाखवते.

आजारी डुकराच्या श्वासातून बाहेर पडणारा विषाणू गाई-मेंढ्यांच्या कितीतरी पट असतो. काही प्रयोगांत हजारांच्या पटीत मोजला गेला आहे. गंमत अशी की डुकराला स्वतःला वाऱ्यातून लागण व्हायला बराच मोठा डोस लागतो. त्याला रोग होतो तो मुख्यतः खाण्यातून, खरकट्यातून. गाईचं उलट. ती मोठी, तिचा श्वास मोठा, दिवसभरात ती पुष्कळ हवा आत घेते आणि विषाणूचे मोजके कणही तिला पुरतात. म्हणून डुक्कर वाऱ्यावर सोडतं आणि गाय वाऱ्यातून घेते. १९८१ साली फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या साथीचा विषाणू समुद्र ओलांडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या गाईंपर्यंत पोचला. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये फक्त पाणी आणि दमट हवा. दमट या शब्दावर जोर द्यायला हवा. हवा कोरडी झाली की हा विषाणू तिच्यात टिकत नाही. मुधोळच्या एप्रिल-मेच्या झळांत गालिकुंटु हे नाव फारसं लागू पडत नाही. पावसाळ्यात आणि धुक्याच्या सकाळी पडतं.

मेंढी या सगळ्यात गप्प असते. तिला फोड येतात ते बारीक, हिरडीवर नाहीतर खुराच्या वरच्या कडेला, आणि चार-पाच दिवसांत भरूनही येतात. लाळ गळत नाही. कळपातल्या काही थोडं लंगडतात. धनगराला वाटतं काटा मोडला, किंवा चिखलाने खूर सडलं. तोवर विषाणू बाहेर पडून गेलेला असतो.

ही तीन पात्रं एकत्र आली की काय होतं, ते २००१ साली ब्रिटनने पाहिलं. न्यूकॅसलजवळ हेडन-ऑन-द-वॉल नावाच्या गावात एका डुकरांच्या वाड्यावर हॉटेलांतलं खरकटं खायला घातलं जाई. ते उकळून द्यावं असा नियम होता. तो पाळला गेला नाही. त्यातून विषाणू डुकरांत आला आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत वाढला. डुकरांच्या श्वासातून तो वाऱ्यावर काही मैलांवरच्या एका शेतावर गेला. तिथल्या मेंढ्यांना लागण झाली, पण मेंढ्या नेहमीसारख्याच दिसत होत्या. १३ फेब्रुवारीला त्यांतल्या काही हेक्समच्या बाजारात गेल्या. तिथून व्यापाऱ्यांनी त्या लाँगटाउनच्या मोठ्या बाजारात नेल्या आणि मग देशभर पांगल्या. १९ फेब्रुवारीला, दूर दक्षिणेला एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात, डुकरांच्या पायांवर फोड दिसले. दुसऱ्या दिवशी निदान पक्कं झालं आणि २३ तारखेला देशभर जनावरांची वाहतूक थांबवली गेली. तोपर्यंत पन्नासच्या वर शेतांवर रोग पोचला होता. शेवटी २,०२६ ठिकाणी रोग सापडला आणि साठ लाखांहून अधिक जनावरं मारली गेली. त्यांतली बरीच निरोगी होती. आजारी शेताच्या शेजारी होती, एवढाच त्यांचा दोष.

त्या साथीतला विषाणू ओ प्रकाराचा, पॅन-एशिया नावाच्या वाणाचा. त्याची पहिली नोंद १९९० साली उत्तर भारतातली आहे. दहा-अकरा वर्षांत तो आशियाभर पसरला आणि युरोपात शिरला.

पण ही वाटणी फार घट्ट धरून चालत नाही. १९९७ साली तैवानमध्ये याच ओ प्रकाराच्या एका वाणाने डुकरांचा सत्यानाश केला. जवळपास चाळीस लाख डुकरं नष्ट करावी लागली, आणि त्याच बेटावरच्या गाईंना फोडही आला नाही. त्या विषाणूच्या एका जनुकाचा छोटा तुकडा गळालेला होता. त्यामुळे तो डुकरात जोमाने वाढे आणि गाईत त्याचा निभाव लागत नसे. म्हणजे अनेक जनावरांत फिरणारा विषाणू एकाच जनावराच्या आहारीही जाऊ शकतो. जाती ओलांडणं हा त्याचा स्वभाव आहे. पण विषाणूच्या स्वभावाला पुढच्या वर्षीची हमी नसते.

आता हे सगळं मुधोळच्या पांदीवर आणून पाहू. इथे डुकरांचे मोठे वाडे नाहीत. गावाच्या कडेला उकिरड्यावर फिरणारी मोकाट डुकरं आहेत आणि पिकात शिरणारी रानडुकरं. तेव्हा इंग्लंडसारखा विषाणूचा ढग इथे सहसा उठत नाही. इथला रोग मुख्यतः गाई-म्हशींतच फिरतो, आणि तो फिरण्यासाठी वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. एका ओढ्यावर चार वाड्यांची गुरं पाणी पितात. एका गायरानावर बैल, म्हशी, शेळ्या सगळेच चरतात. नांगरटीला बैल उसना आणतात. आजारी जनावर ज्या दावणीत तोंड घालतं तिथली वैरण पुढे दुसऱ्याच्या पुढ्यात जाते. कोरड्या चाऱ्यात हा विषाणू कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो.

त्यात सीमा आहे. धर्माबाद महाराष्ट्रात, बासर तेलंगणात, मध्ये काही किलोमीटर. सोयरीक दोन्हीकडे, शेती दोन्हीकडे, बाजार ज्याला जो बरा पडेल तो. लाल कंधारी बैल कंधारकडून येतो, उस्मानाबादी शेळी मराठवाड्यातून. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या साखर कारखान्यांकडे निघतात. अनेक जिल्ह्यांचे बैल एका फडावर चार-पाच महिने शेजारी शेजारी बांधले जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. अशा तळावर एक बैल आजारी असला तर त्याच्यासोबतचे कोणकोणत्या गावांना परतणार आहेत, याची यादी साथीच्या अभ्यासकाला आधी हवी असते.

मेंढ्यांचा प्रवास तर याहून गुंतागुंतीचा. धनगर कळप घेऊन निघतो आणि रोज एकाच्या शेतात मेंढरं बसवतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. दहा रात्री दहा शेतं. सकाळी कळप उठला की त्याच शेताकडेच्या बांधावर बैल चरायला सुटतो. त्यातच तेलंगण सरकारने २० जून २०१७ पासून यादव आणि कुरुमा कुटुंबांना मेंढ्या वाटण्याची मोठी योजना सुरू केली. एका कुटुंबाला वीस मेंढ्या आणि एक एडका, पाऊण खर्च सरकारचा. त्या आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र अशा राज्यांतून ट्रक भरभरून आणल्या गेल्या. या योजनेने रोग आणला असं म्हणायला आधार नाही. मात्र मेंढीसारखं लक्षणं लपवणारं जनावर एवढ्या संख्येने राज्यांच्या सीमा ओलांडतं, तेव्हा नुसत्या नजरेने केलेली तपासणी किती तोकडी पडेल, याचं उत्तर लाँगटाउनच्या बाजाराने आधीच दिलं होतं.

म्हैस या कथेत उशिरा येते, पण तिच्यात आणि गाईत एक साम्य आहे जे वरून दिसत नाही. बरं झाल्यानंतरही विषाणू त्यांच्या घशात महिनोन्महिने, गाईत कधी तीन वर्षांपर्यंतही, तग धरून राहतो. मेंढीत तो नऊ महिन्यांपर्यंत सापडला आहे. डुक्कर मात्र बरं झालं की मोकळं होतं. अशी वाहक जनावरं प्रत्यक्षात दुसऱ्याला किती वेळा लागण करतात यावर वाद आहे. आशियातल्या गाई-म्हशींवरच्या प्रयोगांत ते फार क्वचित घडलं. तरी त्यांच्यामुळे रोगमुक्त देश धास्तावलेले असतात. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळ ब्रांडेनबर्गमध्ये चौदा म्हशींच्या एका कळपात हा रोग निघाला. तीन म्हशी मेल्या, बाकीच्या मारल्या गेल्या. जर्मनीत १९८८ नंतरची ही पहिली घटना, आणि तिने काही दिवसांत त्या देशाची मांस आणि दुधाच्या पदार्थांची निर्यात अडवली. आपल्याकडे मात्र म्हैस लंगडली तर तुरटीच्या पाण्याने खूर धुतात, तोंडाला बोरोग्लिसरीन लावतात, आणि आठ दिवसांनी तिचं दूध पुन्हा डेअरीला जातं.

उपाय लशीचा, आणि या भागाचं त्यात मोठं काम आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हैदराबादला उभ्या केलेल्या इंडियन इम्युनोलॉजिकल्स या कारखान्यात ही लस मोठ्या प्रमाणावर बनते. विषाणू पेशींच्या द्रवात वाढवतात, रसायनाने मारतात आणि मेलेला विषाणू टोचतात. एका कुपीत ओ, ए आणि एशिया-१ हे तिन्ही. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मुधोळच्या उन्हात बर्फाचा डबा उघडा राहिला की ती पाण्याच्या मोलाची होते. संरक्षण सहा महिनेच टिकतं. म्हणून वर्षातून दोनदा टोचावं लागतं, आणि वासराला चार महिन्यांनंतर पहिली मात्रा व महिन्याने दुसरी. केंद्राने २००३-०४ साली ५४ जिल्ह्यांपासून सुरुवात केली. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत देशव्यापी मोहीम जाहीर झाली, २०३० पर्यंत रोग हटवण्याचं उद्दिष्ट आणि तेरा हजार कोटींवर तरतूद घेऊन. कागदावर त्यात शेळ्या, मेंढ्या, डुकरं सगळी आहेत. प्रत्यक्षात भर राहिला तो गाई-म्हशींवर. ते समजण्यासारखं आहे: नुकसान तिथे दिसतं, आणि कानात बारा अंकी बिल्ला मारलेली गाय संध्याकाळी गोठ्यातच सापडते. शेळ्यांचा कळप सकाळी सहाला निघून गेलेला असतो.

टोचल्यावर दोन दिवस दूध थोडं कमी होतं, म्हणून काही जण दार लावून घेतात. गाभण जनावराला नको, उद्या पेरणी आहे, गेल्या वेळी टोचूनही आलं होतं. शेवटची तक्रार कधी कधी खरीही असते. लस टोचली त्या दिवशी जनावराच्या अंगात रोग आधीच मुरलेला असेल, किंवा कुपी उन्हात राहिली असेल, किंवा शेजारच्या दहा गुरांना टोचलंच नसेल.

महाराष्ट्राने १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला मनाई केली, परराज्यातून येणाऱ्या जनावरांनाही. मुधोळकडून धर्माबादच्या बाजारात बैल न्यायचा तर आता त्याच्या कानात पिवळा बिल्ला लागतो. सीमेच्या दोन बाजूंना दोन खाती आणि दोन वेळापत्रकं असली तरी बिल्ल्याचा क्रमांक देशभर एकच, एवढी सोय झाली आहे. रोगाचा संशय आला तर फोडाचं साल आणि पाणी नमुना म्हणून घेऊन तपासायला पाठवतात. देशातली मुख्य संस्था भुवनेश्वरजवळ अरुगुळ इथे आहे, आणि तिथे विषाणूचा प्रकारच नव्हे तर वाणही ओळखता येतो.

तोवर गोठ्यात करायचं ते साधं आहे. हा विषाणू आम्लात मरतो आणि तीव्र क्षारातही मरतो. धुण्याचा सोडा लिटरभर पाण्यात चाळीस ग्रॅम, त्यात भिजवलेलं पोतं दाराशी, आणि माणसाने त्यावरून पाय देऊन आत-बाहेर करायचं. आजारी बैल वेगळा बांधायचा, त्याचं वैरण-पाणी सगळ्यांत शेवटी. आणि त्याच आठवड्यात बांधावरून मेंढरं गेली असतील तर पशुवैद्यक बैलाचं तोंड पाहून झाल्यावर कळपाकडेही जातो. लंगडणारी मेंढी पकडून तिचा वरचा ओठ उचलतो आणि समोर दात नसलेली ती वरची हिरडी बोटाने चाचपतो. फोड ताजा असला तर दिसतो. तीन-चार दिवस उलटले असतील तर एक फिकट डाग, आणि धनगर म्हणतो, काटा मोडला होता साहेब, काढला.